समतोलाचे गणित आणि उतरंडीचे गाव

गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासवर्गात गणित घेऊन एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलीने आपल्या गावावर निबंध वाचला. निबंधाच्या जोडीला तिने फळ्यावर गावाचे चित्र काढले. घरांच्या जागी बिंदू. ज्या घरांचे येणेजाणे, देणेघेणे आहे त्यांच्यामध्ये अधिक चिन्हाची रेषा. ज्यांचे वैर आहे त्यांच्यामध्ये वजा चिन्हाची. चित्र पुरे झाले तेव्हा बिंदूंचे दोन पुंजके दिसू लागले. एक गावाचा, एक वाड्याचा. पुंजक्याच्या आत सगळी अधिक चिन्हे, दोहोंच्या मध्ये सगळी वजा. मग तिने निष्कर्ष वाचला : शास्त्राच्या व्याख्येप्रमाणे हे गाव पूर्णपणे समतोल आहे.

वर्गात हशा पिकला. मुलगी गोंधळली, कारण तिचे गणित कोठेही चुकले नव्हते. हशा ओसरल्यावर मागच्या बाकावरून मातंग समाजातला एक जुना कार्यकर्ता उठला आणि शांतपणे म्हणाला, "ताई, वाडा म्हणून जो एक पुंजका काढलात, त्यात आमचं घर कुठं धरलंत? आमची विहीर तर तुमच्या विहिरीपासून वेगळी होती." ह्यावर मात्र कोणी हसले नाही. त्या हशाने आणि त्या प्रश्नाने मला हा सिद्धांत मुळातून वाचायला लावला, आणि वाचल्यानंतर त्याच्याशी थोडे भांडणे मला आवश्यक वाटू लागले.

सिद्धांत थोडक्यात असा. फ्रिट्झ हायडर हा व्हिएन्नात जन्मलेला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला मानसशास्त्रज्ञ. १९४६ साली त्याने मांडले की, माणसाच्या मनातली आवडनिवड सुटी सुटी नसते. ज्याच्यावर माझे प्रेम आहे त्याला प्रिय असलेली गोष्ट मला अप्रिय असेल, तर माझ्या मनावर ताण येतो आणि मी दोहोंपैकी काहीतरी बदलू पाहतो. १९५३ साली फ्रँक हरारी ह्या गणितज्ञाने चिन्हांकित आलेखाचा एक प्रमेय सिद्ध केला, आणि १९५६ साली डॉर्विन कार्टराइट आणि हरारी ह्यांनी 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू'मध्ये लेख लिहून हायडरची कल्पना ह्या आलेखावर बसवली. नियम अगदी साधा आहे. तीन माणसांच्या तीन रेषांवरील चिन्हांचा गुणाकार करा. उत्तर अधिक आले तर त्रिकोण समतोल, वजा आले तर असमतोल. मित्राचा मित्र तो मित्र, शत्रूचा शत्रू तो मित्र, ही जी शहाणपणाची वाक्ये आपण लहानपणापासून ऐकतो, तीच येथे गणिताच्या भाषेत आली आहेत.

प्रमेयाचे खरे सौंदर्य ह्याच्या पुढे आहे. आलेखातला प्रत्येक फेरा समतोल असेल तर सबंध समूहाचे दोनच तट पडतात : तटाच्या आत केवळ अधिक, तटांच्या मध्ये केवळ वजा. (एक तट रिकामाही असू शकतो; म्हणजे सगळेच एकमेकांचे मित्र.) तिसरी शक्यता नाही. कोणी कट केलेला नसतो, कोणी पुढारी तट पाडायला बसलेला नसतो. प्रत्येक जण आपापल्या तीन-तीन माणसांतला ताण तेवढा मिटवत असतो आणि सगळे गाव दुभंगते. शिवाय समतोल ही किती दुर्मिळ अवस्था आहे पाहा. प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध आहे असे धरले तर तीन माणसांत चिन्हांच्या ८ मांडण्या संभवतात, त्यांतल्या ४ समतोल. चार माणसांत ६४ पैकी ८. पाच माणसांत १,०२४ पैकी केवळ १६. ह्या प्रमेयाची थट्टा करणे मला मान्य नाही. आमच्या वर्गात जो हशा पिकला त्यात गणिताविषयीची आपली नेहमीची बेफिकिरीही होती.

पण समतोल म्हणजे काय? मराठीत हा शब्द आला की त्यातला 'सम' आपल्याला भुलवतो. समतोल, समता, समरसता हे शब्द आजकाल एकाच ताटात वाढले जातात. ह्या सिद्धांतातल्या समतोलाचा समतेशी कसलाही संबंध नाही. ज्या रचनेत कोणाचे मन दोन्हीकडे ओढले जात नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. युरोपचे उदाहरण ह्या विषयाचे अभ्यासक स्वतःच देतात. १८७२ पासून जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया ह्यांच्या बादशहांची मैत्री. १८८२ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली ह्यांचा करार. १८९० मध्ये जर्मनी-रशिया करार संपला, पुढच्या चार वर्षांत फ्रान्स-रशिया जवळ आले. १९०४ मध्ये इंग्लंड-फ्रान्स, १९०७ मध्ये इंग्लंड-रशिया. दर पावलागणिक आलेख अधिकाधिक समतोल होत गेला. १९०७ साली दोन स्वच्छ तट उभे राहिले आणि १९१४ साली महायुद्ध पेटले. तेव्हा समतोल म्हणजे शांतता नव्हे, हे सिद्धांताला ठाऊक आहे. आपल्या मुलीला मात्र कोणी ते सांगितले नव्हते.

आता हेच गावाला लावून पाहा. गावातल्या एका शेतकऱ्याची वाड्यातल्या एका माणसाशी जिवाची मैत्री आहे. फळ्यावर ही एकच अधिक रेषा दोन पुंजक्यांना जोडते. तिच्यामुळे कितीतरी त्रिकोण असमतोल होतात. त्या शेतकऱ्याचे भाऊबंद, सोयरे, शेजारी, प्रत्येकाशी एक. हरारीने पुढे असेही मोजमाप दिले की, कमीत कमी किती रेषांचे चिन्ह पालटले असता आलेख समतोल होईल. ह्या गावाचे उत्तर एक असे येते. ती मैत्री तोडा, गाव समतोल झाले. आणि गाव नेमके तेच करते! १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या आणि बाबासाहेब ज्याचे सदस्य होते त्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात सामाजिक बहिष्काराचे जे वर्णन केले आहे ते वाचले म्हणजे हे मोजमाप अंगावर येते. अस्पृश्यांना माल विकायचा नाही, त्यांना कामाला लावायचे नाही, जमीन कसायला द्यायची नाही. बहिष्कार म्हणजे उरल्यासुरल्या अधिक रेषा पुसण्याची शिस्तबद्ध मोहीम होय. सिद्धांत समजतो की प्रत्येक माणूस आपल्या मनातल्या ताणापोटी आपले चिन्ह बदलतो. गावात चिन्ह गावकी ठरवते, आणि न मानणाऱ्या दुकानदारालाही ती वाळीत टाकते. मनाचे शास्त्र येथे अपुरे पडते, कारण ताण मनात नसून पाटलाच्या ओसरीवर असतो.

आपल्या चळवळीच्या इतिहासातला एक त्रिकोण मला ह्या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. १९२७ चे महाड. मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी प्राशन झाले, परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, आणि डिसेंबरमधल्या सत्याग्रहाची तयारी सुरू झाली. बाबासाहेबांबरोबर गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते. २५ डिसेंबरला मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे हेच. सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे कायस्थ होते. दुसरीकडे केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर हे ब्राह्मणेतर चळवळीचे तरुण नेते. 'देशाचे दुश्मन' पुस्तकावरून ह्या दोघांवर झालेल्या खटल्यात बाबासाहेबांनी वकील म्हणून त्यांची बाजू लढवली होती. म्हणजे ही रेषाही अधिक, आणि ती कागदावरची नव्हे. जेधे-जवळकरांनी सत्याग्रहाला पाठिंबा देऊ केला, पण अट घातली की, कितीही चांगला असला तरी ब्राह्मण त्यात नको.

ह्या अटीकडे गणिताच्या डोळ्याने पाहा. बाबासाहेब आणि जेधे-जवळकर : अधिक. बाबासाहेब आणि सहस्रबुद्धे : अधिक. जेधे-जवळकर आणि ब्राह्मण : वजा. गुणाकार वजा. त्रिकोण असमतोल, आणि तो समतोल करण्याचा सोपा मार्ग म्हणजे सहस्रबुद्ध्यांना सोडणे. जेधे-जवळकरांची अट म्हणजे शब्दशः ह्या सिद्धांताचा सल्ला होता, सिद्धांत जन्माला येण्याच्या १९ वर्षे आधी दिलेला. हिशेबी राजकारण्याने तो घेतला असता. ब्राह्मणेतरांचे बळ केवढे, एका सहस्रबुद्ध्यांचे केवढे! बाबासाहेबांनी अट नाकारली. आमचे भांडण ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या माणसाशी नाही, अशी त्यांची भूमिका होती.

ही भूमिका म्हणजे केवळ मनाचा मोठेपणा असे आपल्याकडे व्याख्यानांतून सांगितले जाते. मला त्यात त्याहून अधिक काही दिसते. हायडरच्या मूळ मांडणीत त्रिकोणाचा तिसरा बिंदू बहुधा माणूस नसे. ती एखादी वस्तू, एखादा विचार असे. समूहाचे आलेख काढणाऱ्यांनी सोयीसाठी सगळे बिंदू माणसांचेच केले आणि विचाराचा बिंदू गळून पडला. बाबासाहेबांनी तो परत आणला. ब्राह्मण्य हा बिंदू फळ्यावर काढा : बाबासाहेबांची त्याच्याशी रेषा वजा, सहस्रबुद्ध्यांची वजा, दोघांमध्ये अधिक. हा त्रिकोण पूर्ण समतोल आहे! आणि ह्याच बिंदूकडे पाहिले की प्रश्न जेधे-जवळकरांकडे वळतो : तुमची रेषा ब्राह्मण्याशी वजा आहे की ब्राह्मणांशी? तेव्हा आलेखात बिंदू कोणते धरायचे हे ठरवण्यातच अर्धा निकाल लागलेला असतो, आणि तो निकाल गणित देत नाही.

येथवर मी सिद्धांताच्या वापराविषयी बोललो. मागच्या बाकावरचा प्रश्न मात्र सिद्धांताच्या मुळालाच हात घालतो. मांगवाडा कोठे?

फळ्यावरच्या रेषेला दिशा नव्हती. अ आणि ब ह्यांच्यामध्ये एक रेषा, तिच्यावर एक चिन्ह. जणू प्रेम आणि द्वेष दोन्ही बाजूंनी सारखेच असतात. जातीत असे असते का? बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. वर जावे तसा आदर वाढतो, खाली यावे तसा तिरस्कार. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणातही त्यांनी हाच शब्द वापरून इशारा दिला. आपली मराठी त्याला उतरंड म्हणते आणि मडक्यावर मडके रचलेले डोळ्यांपुढे उभे करते. ह्याचा आलेख काढायचा तर प्रत्येक जोडीत दोन बाण लागतात. खालून वर जाणारा बाण अधिक, वरून खाली येणारा वजा. कार्टराइट आणि हरारी ह्यांनी दिशा असलेल्या रेषा विचारात घेतल्या आहेत, पण समतोल मोजताना दिशा बाजूला ठेवून चिन्हांचाच गुणाकार करायचा असतो. करून पाहू. तीन जातींची उतरंड घ्या. प्रत्येक जोडीतला कोणताही एक बाण उचलत फेरा पुरा केला तर असे ८ फेरे निघतात. त्यांतले ४ अधिक, ४ वजा. म्हणजे ह्या शास्त्राच्या मते ही रचना पराकोटीची असमतोल, ताणाने कोणत्याही क्षणी मोडून पडावी अशी.

आणि ती शतकानुशतके उभी आहे.

मला वाटते, ह्या सिद्धांताची आपल्यापुरती खरी परीक्षा येथे होते. तो ज्याला अशक्यप्राय म्हणतो त्यातच आपण राहतो. का मोडत नाही ही रचना? बाबासाहेबांचे उत्तर 'जातिनिर्मूलना'त, म्हणजे १९३६ सालीच, आले आहे : सगळेच गुलाम, पण सगळ्यांची गुलामी सारखी नाही, प्रत्येकाला आपल्याखाली कोणीतरी आहे ह्याचे समाधान मिळते, म्हणून सगळ्यांची मिळून एक आघाडी होत नाही. ज्याला वरून लाथ बसते त्याच्या पायाखाली कोणाचे तरी डोके दिलेले असते. गणित म्हणते, शत्रूचा शत्रू मित्र व्हावा. उतरंडीत शत्रूचा शत्रू हा आपल्या खालचा असतो, आणि त्याला मित्र म्हणण्यात आपली पायरी जाते. जेम्स डेव्हिस ह्याने १९६७ मध्ये तीन वजांच्या त्रिकोणालाही मुभा देऊन दोनापेक्षा अधिक तटांची सोय केली खरी. पण अनेक तट म्हणजे उतरंड नव्हे. तट शेजारी शेजारी असतात. मडकी एकावर एक असतात. त्याहून जवळ येतो तो २०१० साली लेस्कोव्हेक, हटनलॉकर आणि क्लाइनबर्ग ह्यांनी तपासलेला दर्जाचा विचार : अधिक बाण म्हणजे समोरचा माझ्याहून वरचा, वजा बाण म्हणजे खालचा. त्यांना दिशा असलेल्या संबंधांचा उलगडा समतोलापेक्षा ह्या विचाराने अधिक नीट होतो असे आढळले. ह्यात आपली उतरंड अगदी चपखल बसते. फरक एवढाच की, त्यांच्याकडचा दर्जा माणसाने मिळवायचा असतो, आपल्याकडचा बारशाच्या आधीच मिळालेला असतो.

तेव्हा त्या कार्यकर्त्याचा प्रश्न गणितातल्या चुकीविषयी नव्हताच. मुलीने वाड्याच्या आत सगळी अधिक चिन्हे घातली, ती खोटी नव्हती. तिच्या घरातून तिला तशीच दिसली. आपल्या साहित्याने आणि आपल्या व्यासपीठांनीही हेच केले आहे. 'दलित' हा शब्द उच्चारला की आतल्या रेषा आपोआप अधिक झाल्या असे आपण धरून चाललो. महार आणि मांग ह्यांच्यात बेटीव्यवहार नाही, पाण्याची भांडणे जुनी आहेत, सवलतींवरून नवी झाली आहेत, हे बोलणे म्हणजे चळवळीत फूट पाडणे असे समजले गेले. गावाने आपल्याकडे टाकलेला वजा बाण आपण अचूक मोजतो. आपण कोणाकडे टाकला तो मोजायला मागच्या बाकावरून कोणीतरी उठावे लागते.

आणखी एक गोष्ट. दोन बिंदूंमध्ये रेषाच नसली तर? सिद्धांतात तिचा फारसा विचार होत नाही; रेषा नाही म्हणजे फेरा नाही, आणि फेरा नाही तेथे ताणही नाही. कार्टराइट-हरारींना एक अडचण जाणवली होती, ही त्यांच्या चिकित्सक बुद्धीची साक्ष आहे. हायडरच्या लिखाणात 'संबंध नाही' आणि 'विरुद्ध संबंध आहे' ह्यांची गल्लत होते असे त्यांनी दाखवले. प्रेम नसणे वेगळे, द्वेष असणे वेगळे. त्यांनी ते दोन सुटे केले. पण अस्पृश्यता हा ह्या दोहोंच्याही पलीकडचा प्रकार आहे. येथे 'संबंध नाही' हाच संबंध आहे. सावली पडू नये म्हणून नियम, वाट वेगळी, पाणवठा वेगळा, स्मशान वेगळे. जो संबंध येऊ नये म्हणून एवढी व्यवस्था राबते त्याला कोरी जागा कसे म्हणावे? मुलीच्या तक्त्यात कितीतरी घरांपुढे 'संबंध नाही' असे लिहून जागा रिकामी सोडली होती. मला त्या रिकाम्या जागाच तिच्या निबंधातला सर्वांत बोलका भाग वाटल्या.

साहित्याच्या नियतकालिकात एवढे गणित कशासाठी, असे कोणी विचारील. हायडरने १९५८ च्या आपल्या ग्रंथात एक निरीक्षण नोंदवले आहे की, असमतोल परिस्थिती विचाराला चालना देते, आणि तिच्यावर भर देणाऱ्या कथांत वाचकाला खोल अर्थ जाणवतो. बाबुराव बागूल हायडरच्या वाटेला गेले असतील असे मला वाटत नाही. पण १९६३ सालच्या संग्रहातली 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा ह्या दृष्टीने पुन्हा वाचा. जात लपवून नोकरी करणारा निवेदक. त्याला कवी म्हणून मान देणारा रामचरण तिवारी. आणि आपली जात न लपवता सगळ्यांना अंगावर घेणारा काशिनाथ. तिवारीचे निवेदकावर प्रेम, काशिनाथवर द्वेष. निवेदकाचा जीव काशिनाथकडे ओढलेला. एक वजा, दोन अधिक. कथा जगते ती ह्या असमतोलाच्या एवढ्याशा अवकाशात, रोज ताणलेली, रोज तुटेल अशी. जात उघड होते, मारहाण होते, काशिनाथ सोडवायला धावतो, आणि आलेख स्वच्छ होतो. तिवारीने चिन्ह पालटले असे कोणी म्हणेल. माझ्या मते त्याने काहीच पालटले नाही. अधिक चिन्ह होते ते चोरलेल्या जातीला होते, माणसाकडे जाणारी रेषा त्याने कधी काढलीच नव्हती. आलेखावर आणि कथेवर एकाच वेळी नजर ठेवली तेव्हा मला हे दिसले, आणि त्यासाठी मी गणिताचा ऋणी आहे.

ती मुलगी पुन्हा गावात जाऊन आली. ह्या वेळी तिने तक्ता बदलला. आधी प्रत्येक घराला एकच प्रश्न होता : कोणाकडे येणेजाणे आहे? आता दोन आहेत : तुम्ही कोणाच्या घरचे पाणी पिता, आणि तुमच्या घरचे पाणी कोण पिते? दोन्ही प्रश्न ती तिन्ही वस्त्यांत विचारते, पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या घरी विचारले. तिच्या आजीने पहिल्या प्रश्नाला भराभर नावे सांगितली. दुसऱ्याला ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "हे कशाला लिहितेस गं?" मुलीने त्या रकान्यात आजीचे वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले आहे.